ताई, त्या कॅम्पचे पैसे भरू नकोस

काल रात्री ताईचा फोन. मागे धप धप आवाज, म्हणजे भाचा त्यांच्या एडिसन गावातल्या घराच्या ड्राइव्हवेत चेंडू आपटत होता. "तो मेसेज वाचलास ना? ह्याचं नाव घालतेय मी बास्केटबॉल कॅम्पात." सहा दिवस, अडीच हजार डॉलर. पोरगा दहावीत आहे.

मेसेज म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर फिरतोय तो, 'कॉलेज बास्केटबॉलची महासत्ता कशी ओळखावी'. खुणा पाच: मोठं शहर, पहिल्याच वर्षानंतर एनबीएत (व्यावसायिक लीगमध्ये) जाणारी मुलं, पैसा, नावाजलेला कोच, जुनं नाव. खाली सल्ला: मुलाला अशाच कॉलेजांच्या नजरेत आणा, एका वर्षात आयुष्य मार्गी लागेल. लिहिणाऱ्याने एनसीएएची, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेची, विजेत्यांची यादी एकदा उघडली असती तरी हे लिहायला हात धजावला नसता.

मोठं शहर घ्या. १९९९ ते २०२४ मध्ये सगळ्यात जास्त, म्हणजे सहा विजेतेपदं यूकॉनची, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाची. ते कनेक्टिकटमधल्या स्टोर्स या गावात, १८८१ साली शेतकी शाळा म्हणून निघालेलं. आजही कॅम्पसवर गोठे आहेत आणि तिथल्या दुधाचं आइस्क्रीम खायला लोक लांबून येतात. (त्याच गावात मुलींच्या संघाने २०२५ पर्यंत बारा विजेतेपदं मिळवलीत. मेसेजमध्ये मुलींचं नावही नाही.) आणि न्यूयॉर्क शहर? १९५० मध्ये सिटी कॉलेज जिंकलं, पुढच्याच वर्षी तिथले खेळाडू सामने फिरवण्याच्या प्रकरणात अडकले. त्यानंतर शहरात हे विजेतेपद आलेलं नाही. भरपूर जिंकलेलं यूसीएलए मात्र लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरात आहे, ते सोडून देऊ.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या खुणेवर, कारण ताई पैसे भरायला निघालीय ती त्याच्याच जोरावर. हायस्कूलमधून थेट एनबीएत जायची वाट २००६ च्या ड्राफ्टपासून (एनबीए संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तो) बंद झाली, तेव्हापासून एक वर्ष कॉलेजात काढून पळणाऱ्यांची पद्धत पडली. अशा पोरांच्या जिवावर जिंकलेले संघ ठळक म्हणावेत असे दोन, २०१२ चं केंटकी आणि २०१५ चं ड्यूक. २०१५ मध्येच केंटकीकडे कार्ल-अँथनी टाउन्स होता, त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी उचलला गेला तो. ३८ सामने सलग जिंकून आलेला संघ उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला, आणि विस्कॉन्सिनचा म्होरक्या फ्रँक कमिन्स्की शेवटच्या वर्षाला होता. २०२५ ला फ्लोरिडाला जिंकून देणारा वॉल्टर क्लेटन ज्युनिअरही शेवटच्या वर्षाचा. त्याची पहिली दोन वर्षं गेली न्यू रोशेलच्या आयोनात. तिथला तेव्हाचा कोच रिक पिटिनो नावाजलेला होता, तेवढं सोडलं तर ते कॉलेज मेसेजमधल्या महासत्तेसारखं मुळीच नाही.

आणि ताई, हे आकडेही खुद्द एनसीएएचे: हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी त्यांच्या कुठल्याही कॉलेजात खेळणारी तीन-चार. ड्राफ्टला पात्र झालेल्या कॉलेजच्या शंभर खेळाडूंतून एनबीए घेते एखाद्याला. सहा दिवसांत काय नजरेत आणणार?

पैशाचं मात्र नाइलाजाने मान्य करतो. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि २०२५-२६ पासून कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्याशिवाय पान हलत नाही आता. तरी मार्च २०२२ आठवा. आमच्या जर्सी सिटीचं सेंट पीटर्स, खर्चात केंटकीच्या पासंगालाही न पुरणारं, एनसीएए स्पर्धेत सोळा संघांच्या गटात मानांकन पंधरावं. त्याने केंटकीला जादा वेळेत ८५-७९ हरवलं. केनेडी बुलेवार्डवर गाड्यांचे हॉर्न मध्यरात्रीपर्यंत थांबेनात, मी गॅलरीत उभा होतो.

पण म्हणून सेंट पीटर्स महासत्ता झालं का? नाही. स्पर्धा संपताच कोच सीटन हॉल या दुसऱ्या कॉलेजला गेला, बरेच खेळाडू पांगले, संपलं. माझी कसोटी हीच: कोच गेल्यावर काय उरतं? यूकॉनची सहा विजेतेपदं तीन कोचांची: कॅल्हून, ऑली, हर्ली. केंटकीची आठ, पाच कोचांची. ड्यूकची पाचही एकट्या शशेव्हस्कीची, तेही पहिल्या तीन मोसमांत ३८ जिंकून ४७ हरलेल्या माणसाची. तेव्हा त्याला काढलं असतं तर? ड्यूकला महासत्ता म्हणायला मी अजून कचरतो, शिव्या द्या हवं तर.

राहिलं जुनं नाव. इंडियानाचीही पाच विजेतेपदं आहेत, भिंतीवर बॅनर लटकतात, नाव आजही दणकट. शेवटचं १९८७ चं. तेव्हा ताई फ्रॉकमध्ये होती.