हळद रेल्वेत चढवा, द्राक्षं राहू द्या ट्रकमध्येच

जालन्याच्या ड्रायपोर्टची (म्हणजे समुद्रापासून दूर, पण बंदराला जोडलेल्या कंटेनर तळाची) बातमी आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता जल्लोष असतो. आता मराठवाड्याची द्राक्षं, केळी, केसर आंबा रेल्वेत बसून थेट मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जाणार, तिथून दुबई, तिथून युरोप. डिसेंबर २०१५ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा हेच वाचलं होतं. पुढे ड्रायपोर्टचं मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क (रेल्वे आणि रस्ता एकत्र आणणारं मालवाहतूक केंद्र) झालं तेव्हाही हेच वाचलं. जागा झकास आहे, रेल्वे जवळ, समृद्धी जवळ, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रेल्वेच्या दारात आपण पहिला माल कोणता घेऊन उभं राहतोय, तिथंच सगळं गणित फसतंय असं माझं मत आहे.

द्राक्षं, केळी, आंबा सध्या ट्रकनंच जाऊ द्या. रेल्वेत आधी हळद घाला, कापसाच्या गाठी घाला, सोयाबीनची पेंड घाला, तूरडाळ घाला.

कारण साधं आहे. अर्धापूरची केळी इराण-इराककडं जातात. ती साडेतेरा अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागतात, न थांबता. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर ट्रेलरवर चढवला की त्याला डिझेलचा जनरेटर अडकवतात आणि ड्रायव्हर धाब्यावर जेवायला उतरला तरी आकडा बघूनच उतरतो. मालगाडीत अशा कंटेनरना वीज द्यायची तर वेगळी सोय जोडावी लागते, आणि त्या सोयीचा खर्च निघायचा तर एका गाडीत बरेच रीफर हवेत. जालन्याजवळच्या कडवंचीच्या द्राक्षांचंही तेच. त्यात जहाजाची वेळ. बंदरात कंटेनर आत घेण्याची मुदत टळली की पुढच्या जहाजाची वाट, आणि फळाला वाट बघता येत नाही. आता ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पाही खुला झाला, ७०१ किलोमीटर सलग. जालन्याहून संध्याकाळी निघालेला ट्रेलर उजाडायच्या आत भिवंडीजवळ असतो. या शर्यतीत मालगाडीला उतरवणं म्हणजे तिची फजिती करणं.

हळदीला अशी कसलीच घाई नसते. शिजवली, वाळवली, पॉलिश केली, पोत्यात भरली की नीट गोदामात वर्षभरसुद्धा पडून राहते. चार दिवस उशिरा पोचली म्हणून कुणी माल परत पाठवत नाही. आणि हळदीत आपण काही लहान खेळाडू नाही. जगाच्या हळद व्यापारात भारताचा वाटा ६० टक्क्यांहून जास्त, आणि महाराष्ट्रात हळदीचा जिल्हा म्हटलं की आज हिंगोली. तिथल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला स्टेशन आहे, पूर्णा-अकोला मार्गावर, ब्रॉडगेज आहे. तरी मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, हळद निघते ती ट्रकनं. सांगलीला ट्रकनं, मुंबईला ट्रकनं, बंदरावर ट्रकनं. निजामाबाद तर सलग रुळावर आहे आपल्याशी, तिथंही ट्रकच.

आमची शेतकरी कंपनी हळदीत आहे म्हणून जवळून बघतो. निर्यातीचा कंटेनर दारात आला की पहिलं काम माल भरायचं नसतं. एक पोरगा आत जातो, बाहेरून दोन्ही दारं लावून घेतात, आणि तो अंधारात उभा राहून कुठून उजेड येतोय का ते बघतो. टाचणीएवढं भोक दिसलं तरी कंटेनर नापास, कारण त्या भोकातून समुद्रावर ओल शिरते. मग भिंतींना खाकी कागद, वरून ओल शोषणाऱ्या पिशव्या, आणि मग हमालांची रांग. संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पिवळे. सील लागतं, बिल्टी होते, ट्रेलर निघतो. हा कंटेनर मुंबईहून रिकामा आलेला असतो. म्हणजे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर रिकामा येण्याचं भाडंही आम्हीच भरतो. हे लोकांना सांगितलं तर पटत नाही, पण हिशेबात तो आकडा असतोच.

असं का? मराठवाड्यात कंटेनरमधून आयात फारशी होत नाही. ज्या गावात कंटेनर भरून येत नाहीत तिथं रिकामे कंटेनर पडलेले नसतात. संभाजीनगरच्या कारखान्यांकडं थोडी आयात आहे, म्हणून माळीवाड्याला कॉनकॉरचा (रेल्वेच्या सरकारी कंटेनर कंपनीचा) कंटेनर डेपो आहे, कस्टमची तपासणी तिथंच होते. पण वसमत, हिंगोली, नांदेड, लातूरला जो तो आपला रिकामा कंटेनर बंदरावरून ओढून आणतो. हे ओझं रेल्वेच उचलू शकते. रिकामे कंटेनर एकगठ्ठा आणून जालन्यात किंवा पूर्णेला ठेवले तरी अर्धा प्रश्न मिटेल.

मग रेल्वे हे का करत नाही? तिला गरज नाही म्हणून. देशात रेल्वे जेवढा माल वाहते त्यात वजनानं निम्म्याच्या आसपास नुसता कोळसा आहे. खाणीतून भरायचा, वीज केंद्रात ओतायचा, एकच गिऱ्हाईक, अख्खी रेक, म्हणजे डब्यांची पूर्ण मालगाडी. आमची हळद तिच्या लेखी किरकोळ. झाकलेल्या वाघिणींच्या (मालडब्यांच्या) अख्ख्या रेकमध्ये ४२ वाघिणी, माल अडीच हजार टनांच्या वर. कंटेनरची गाडी धरली तर वीस फुटी ९० कंटेनर. आमच्यासारख्या कंपनीचा एका वेळचा माल दोन-चार कंटेनर. रेल्वे म्हणते अख्खी बस ठरवा, आणि आम्हाला हव्यात दोन सीट. मिनी रेकची सोय कागदावर आहे, पण तीही वीस वाघिणींची.

दर किलोमीटरला रेल्वे स्वस्त आहे यात वाद नाही. पण शेतकरी किलोमीटर विकत घेत नाही. शेतातून मोंढा, मोंढ्यातून मालधक्का, तिथं उतरव-चढव, तिकडं बंदराशी परत उतरव-चढव, त्यात फुटलेली पोती, आणि वेळेत रिकामं झालं नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. ट्रक एकदा भरला की एकदाच रिकामा होतो. शिवाय एक गोष्ट तज्ज्ञांच्या लेखात कधी दिसत नाही: ट्रान्सपोर्टवाला उधारीवर चालतो. पैसे माल विकल्यावर द्या म्हणतो, पंधरा दिवस थांबतो, शिव्या देतो पण थांबतो. रेल्वेला भाडं आधी लागतं. पैशाची चणचण असलेल्या शेतकरी कंपनीसाठी हे पंधरा दिवस भाड्यातल्या फरकापेक्षा मोठे आहेत.

मोंढ्यातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याशी मी यावर वाद घातला होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, गाडीसंगट आमचा माणूस असतोय. तुमच्या रेल्वेत मालासंगट कोण असतंय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. रेल्वेच्या संगणकात रेक कुठं आहे ते कळतं, पण फोन उचलून "मनमाडच्या अलीकडं लाईन मिळंना, दोन तास लागतील" असं सांगणारा माणूस नसतो.

सरकारनंही ट्रकला हात दिला. जुलै २०१८ मध्ये ट्रकनी किती वजन न्यायचं त्याची मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. तेवढ्याच डिझेलात, तेवढ्याच टोलात जास्त माल. ट्रकवाल्यांना ते हवंच होतं, त्यांचे हप्ते आहेत. पण दुसरीकडं राष्ट्रीय रेल्वे आराखडा म्हणतोय की २०३० पर्यंत मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ४५ टक्के करायचा. १९५१ ला तो ८५ टक्क्यांच्या आसपास होता, आता पाव हिश्शाच्या थोडा वर. एक खातं ट्रक मोठा करतंय, दुसरं खातं म्हणतंय ट्रक सोडा.

छोट्या मालाला रेल्वे परवडतच नाही, असंही कुणी म्हणू नये. जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, आपल्याच दक्षिण मध्य रेल्वेनं गुंटूरजवळच्या रेड्डीपालेमहून सुकी मिरची बांगलादेशात बेनापोलला पाठवली. १६ पार्सल डबे, ३८४ टन. टनाला खर्च आला ४,६०० रुपयांच्या आसपास. रस्त्यानं तो ७,००० पडत होता. त्याआधी तिथल्या व्यापाऱ्यांना मालगाडी हवी तर एका खेपेला दीड हजार टनांच्या वर मिरची जमवावी लागायची, ती जमायची नाही, म्हणून माल रस्त्यानं जायचा. रेल्वेनं ५०० टनांच्या आतली गाडी दिली आणि काम झालं. मिरची आणि हळद, दोन्ही वाळलेले मसाले, दोन्हीला बांगलादेशात गिऱ्हाईक, आणि झोन तोच ज्याच्यात आपला नांदेड विभाग येतो. गुंटूरला जमलं ते पूर्णा जंक्शनला का जमू नये, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

किसान रेलचं, म्हणजे शेतमालासाठी सोडलेल्या खास गाड्यांचं, उदाहरण लोक लगेच देतील. ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर पहिली गाडी सुटली, नंतर आपल्या विभागातल्या नगरसूलहून कांद्याच्या गाड्यांवर गाड्या गेल्या. चांगलंच झालं. पण भाड्यात ५० टक्के सूट होती. सुटीवर उभी राहिलेली गाडी सूट संपली की विरळ होते. ती देशातल्या बाजारपेठांसाठी होती, बंदरासाठी नव्हती, हेही विसरू नका.

आता मालधक्क्यावर या. खताची रेक लागते तेव्हाचं दृश्य बघा एकदा. रेक लागल्या क्षणापासून घड्याळ सुरू, म्हणून रात्री दोनला हमालांना उठवून आणतात. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत, डोक्यावर पोतं घेऊन पळणारी माणसं, खाली सांडलेला युरिया गोळा करणाऱ्या बाया. सकाळी दहापर्यंत वाघिणी मोकळ्या. आणि मग त्या मोकळ्याच जातात! परभणी, नांदेड, लातूर, जालना, सगळीकडं खत भरून येतं आणि बहुतेक वाघिणी रिकाम्या परततात. रिकाम्या दिशेनं माल भरला तर भाड्यात सवलत द्यायची रेल्वेची योजनाही आहे. पेंड आणि डाळ या वाघिणींतून आरामात जाईल. लातूरच्या डाळ मिलवाल्यांनी आणि सोयाबीनच्या प्लँटवाल्यांनी एकत्र बसायचं ठरवलं तर एक रेक भरणं अवघड नाही. एकत्र बसणं अवघड आहे, ते मान्य. (२०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा एकत्र बसायला कुणाला अडचण आली नव्हती. तहान लागल्यावर सगळं जमतं आपल्याला.)

रुळांचीही गोष्ट आहेच. मनमाड ते संभाजीनगर ते परभणी हा पट्टा वर्षानुवर्षं एकेरी, आणि एकेरी मार्गावर प्रवासी गाडीसाठी मालगाडीच बाजूला उभी करतात. संभाजीनगर-परभणी १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रानं ३१ जुलै २०२५ ला मंजुरी दिली. जालना-जळगाव नव्या १७४ किलोमीटर मार्गाला त्याआधी वर्षभर, ऑगस्ट २०२४ मध्ये. तो झाला तर मनमाडचा गळा टाळून गुजरातच्या बंदरांकडं वाट निघते, आणि माझ्या मते नव्या प्रवासी गाड्यांच्या सगळ्या मागण्यांपेक्षा तो मार्ग जास्त मोलाचा आहे. अहिल्यानगर-बीड-परळी किती वर्षं चाललंय ते आपण बघतोच, बीडला गाडी यायला २०२५ चा मुक्तिसंग्राम दिन उजाडला. म्हणून दुहेरीकरणाची वाट बघत हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही.

आत्ता करता येईल ते एकच. आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी पूर्णा किंवा जालन्याहून कंटेनरची गाडी सुटणार, चाळीस कंटेनर भरोत की साठ, आणि ती अमक्या दिवशी न्हावा शेवाला पोचणार. पहिलं वर्ष रिकाम्या जागेचं नुकसान राज्य सरकारनं सोसावं. सूट भाड्यात देऊ नका, वेळापत्रकावर पैसा घाला. वार पक्का झाला की व्यापारी त्या वाराच्या हिशेबानं सौदे करतो, जहाज बघतो, पोती शिवतो. आज तो ट्रेलर बोलावतो कारण ट्रेलर बोलावला की येतो, एवढंच.

ट्रकवाल्या मित्रांनी चिडू नये. गावातून पूर्णेपर्यंत माल तुम्हीच आणणार आहात, आणि फळं तर तुमचीच.

माळीवाड्याहून रेल्वेनं माल पाठवलेलं कुणी असेल तर कमेंटमध्ये पूर्ण हिशेब टाका. नुसतं रेल्वेभाडं नको. दारापासून डेपोपर्यंतचा ट्रक, हमाली, डेपोचं भाडं, बंदरातली हाताळणी, आणि किती दिवस लागले ते सगळं. मी आमच्या ट्रेलरचा हिशेब खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय, शेजारी शेजारी ठेवून बघू.