मारिया पेद्रासाविषयी एक खुलासा

‘मनी हाइस्ट’ या स्पॅनिश मालिकेत ब्रिटिश राजदूताच्या मुलीची, ॲलिसन पार्करची भूमिका करणारी अभिनेत्री मारिया पेद्रासा ही केवळ इन्स्टाग्रामवरील छायाचित्रांमुळे पुढे आली आणि कोणत्याही कलेचे तिने रीतसर शिक्षण घेतलेले नाही, शिवाय ‘मनी हाइस्ट’ हेच तिचे पहिले काम, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे.

दिग्दर्शक एस्तेबान क्रेस्पो यांनी तिला इन्स्टाग्रामवर पाहून ‘आमार’ या चित्रपटासाठी निवडले, हे बरोबरच आहे. परंतु 1996 साली माद्रिदमध्ये जन्मलेल्या मारियाने त्याआधी तेथील ‘मारिएम्मा’ या शासकीय नृत्यविद्यालयात शास्त्रीय बॅलेचे शिक्षण घेतले होते. स्पेनमध्ये अशा विद्यालयांतील व्यावसायिक अभ्यासक्रमच सहा वर्षांचा असतो, आणि बारला, म्हणजे सरावाच्या आडव्या दांड्याला, हात टेकवून गुडघे वाकवण्याची तीच ती क्रिया नर्तक रोज नव्याने घोटतो. ही मेहनत एका ओळीत पुसून टाकणे मला अन्यायाचे वाटते.

‘मनी हाइस्ट’ हे तिचे पहिले काम, हेही चुकीचे आहे. ‘आमार’ 2017 च्या वसंतात पडद्यावर आला, तर ही मालिका त्याच वर्षी 2 मे रोजी स्पेनमधील आन्तेना 3 वाहिनीवर सुरू झाली. ‘एलिते’ या मालिकेतील मरिनाची भूमिका त्यानंतरची, 2018 मधील.