वाचलेल्या पैशांची सायकल

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली माझ्या वडिलांची काळी ॲटलस सायकल अकरा वर्षे उभी होती. दोन्ही टायर बसलेले, सीटच्या चामड्याला पोपडे आलेले आणि कॅरिअरमध्ये कुणीतरी ठेवून विसरलेली एक छत्री, अशा अवस्थेत ती कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. परंतु ‘बेवारस वाहने पंधरा दिवसांत हलवावीत’ अशी सूचना फलकावर लागली आणि त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, “भंगारवाला चारशे द्यायला तयार आहे. देऊन टाक.”

आता ही सायकल म्हणजे नुसते लोखंड नव्हे. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला होता, आणि ती बातमी वाचून मी चहा थंड होईपर्यंत हळहळलो होतो. अशा घराण्यातली सायकल चारशे रुपयांत घालवणे मला जमण्यासारखे नव्हते. मी जाहीर केले की, वडिलांच्या फ्रेमवर मी एक सिंगल स्पीड सायकल बांधणार आहे.

सिंगल स्पीड निवडण्यामागे माझा एक आर्थिक सिद्धान्त होता. या सायकलीला गिअर एकच असतो, त्यामुळे गिअर बदलणारी यंत्रणा नाही, तिच्या वायरी नाहीत, हँडलवरची बटणे नाहीत. भाग कमी, म्हणून खर्च कमी. दुकानातल्या तयार सिंगल स्पीडची किंमत मी विचारून आलो होतो आणि विचारल्याबद्दल दुकानदाराचे आभार मानून लगेच बाहेरही पडलो होतो. फ्रेम फुकट असल्यामुळे उरलेल्या भागांना पाच हजार रुपये पुष्कळ झाले, असे मी ठरवले आणि हिशेबाला एक वही घातली. खर्चाचा रकाना पाहून माणूस खचतो, असा माझा अनुभव असल्यामुळे मी तिच्यात ‘बचत’ असा एकच रकाना आखला.

पहिली बचत चाकांची. जुन्या रिमा गंजल्या होत्या, म्हणून रविवारी जुन्या बाजारात जाऊन मी ॲल्युमिनियमच्या दोन रिमा घासाघीस करून आणल्या आणि वहीत लिहिले : बचत ३०० रुपये. रिमा अठ्ठावीस इंची होत्या, म्हणून घरी येताना अठ्ठावीस इंची टायरही घेतले. काळ्या सायकलींना लागणारे ते जाड टायर कुठेही मिळतात आणि स्वस्त मिळतात. बचत ४४० रुपये.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाले मामा बसतात. त्यांनी एक टायर रिमवर चढवला आणि हात सोडला. थोरल्या भावाची पँट धाकट्याच्या कमरेवरून उतरते तसा तो टायर संथपणे खाली घसरला.

“साहेब, हे अठ्ठावीस वेगळं आणि ते अठ्ठावीस वेगळं.”

“मामा, अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीसच ना?”

“आकडा तोच हो. माप वेगळं.”

त्या रात्री मी या विषयाचा अभ्यास केला. अठ्ठावीस इंच हे माप मुळात टायरच्या बाहेरच्या व्यासाचे, आणि तेही ढोबळ; टायर जिथे बसतो तिथे काळ्या सायकलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि मी आणलेल्या, ७०० सी नावाच्या रिमचा ६२२. दोघींनाही अठ्ठावीस इंची म्हणण्याची बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. तेरा मिलिमीटरचा हा फरक ज्यांनी एकाच आकड्याखाली झाकला, त्यांनी आयुष्यात कधी स्वतःच्या पैशाने टायर घेतला नसावा.

रिमा मात्र परत करता येत नव्हत्या, म्हणून मी दुसरे टायर आणले आणि हब, म्हणजे आरे जिथे मिळतात तो चाकाचा मधला भाग, तरी वडिलांचेच वापरू, असे ठरवले. बचत ९०० रुपये, ही वहीतली तोवरची सर्वांत मोठी नोंद होती. मामांनी हब हातात घेऊन भोके मोजली. इंग्रजी वळणाच्या जुन्या सायकलींना पुढच्या चाकात बत्तीस आणि मागच्या चाकात चाळीस आरे असत, आणि माझ्या नव्या रिमांना छत्तीस-छत्तीस भोके होती. मी कागदावर बेरीज केली. बत्तीस अधिक चाळीस बहात्तर, छत्तीस अधिक छत्तीसही बहात्तर. एकूण हिशेब तंतोतंत जुळत होता. हे मी मामांना दाखवलेदेखील. त्यांनी कागद शांतपणे वाचला, त्याला हात पुसले आणि नवे हब आणायला सांगितले.

नवा मागचा हब १२० मिलिमीटर रुंद निघाला. फ्रेमच्या मागच्या नळ्यांमध्ये जागा ११० मिलिमीटर होती. इथे मी हात टेकले असते, पण मामा म्हणाले, “लोखंड आहे, ऐकेल.” त्यांनी फ्रेम आडवी टाकली, एका नळीवर चप्पल काढून पाय ठेवला आणि दुसरी नळी दोन्ही हातांनी धरून वर ओढली. ज्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर बसून मी बालवाडीत गेलो होतो, तिच्यातून एक बारीक ‘कुंई’ असा आवाज आला. मामांनी टेप लावला, मान हलवली, फ्रेम उलटवली आणि दुसऱ्या बाजूलाही तितकाच ताण दिला, कारण एकच बाजू ओढली तर चाक तिरके बसते. मी त्या वेळात समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. वडिलांची सायकल अशा अवस्थेत पाहणे मला जमेना.

चाके उभी राहिली, मामांनी त्यांचा आऊट काढला, म्हणजे ती डगडग न करता सरळ फिरतील अशी केली, आणि आता ब्रेक तेवढे लावायचे राहिले. जुन्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे; त्यांचे रबर रिमच्या आतल्या अंगाला वरच्या दिशेने टेकते, आणि नव्या रिमला तसे अंगच नसते. म्हणून बाजूने चिमटा घेणारे ब्रेक आणावे लागले. ते मी अर्थातच सवलतीत आणले. बचत २६० रुपये. रेसिंगच्या सायकलीवरून उतरलेले ते ब्रेक दिसायला देखणे होते, पण त्यांचे हात आखूड. वडिलांच्या फ्रेममध्ये मडगार्डसाठी भरपूर जागा सोडलेली, त्यात चाक पूर्वीपेक्षा लहान झालेले. परिणामी ब्रेकचे रबर रिमपर्यंत न पोचता टायरच्या कडेला जाऊन टेकले. ब्रेक लागत होता, हे मी नमूद करू इच्छितो. फक्त तो टायरला लागत होता.

मामांची मजुरी वाचवावी म्हणून पायडलच्या मधल्या दांड्याच्या वाट्या मी स्वतः खोलायला बसलो. डावी वाटी सुटली. उजवी सुटेना. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका गॅलरीतून म्हणाले, “जोर लावा!” मी जोर लावला. वॉचमनने पान्याच्या टोकाला पाइप अडकवून दिला. त्यानेही लावला. पाऊण तासाने मामा रस्त्याने जाता जाता थांबले आणि म्हणाले, “उजवीकडे उलटे आटे असतात. तुम्ही आवळताय.” हे आटे बीएसए या इंग्रजी कंपनीच्या नावाने ओळखले जातात, आणि ही कंपनी मूळची बंदुका तयार करणारी, हे मला नंतर कळले, कळल्यावर फारसे आश्चर्य वाटले नाही. वाटीची कड आम्ही तिघांनी मिळून गोल केली होती, म्हणून नवा सेट, आणि नवा सेट म्हणजे नवे क्रँक, म्हणजे पायडल धरणारे हात. वहीत त्या दिवशी लिहिले : मजुरीत बचत ८० रुपये.

चेनबद्दल थोडक्यात सांगतो. गिअरच्या सायकलीची अरुंद चेन सेलमध्ये मिळाली होती. रुंद चेन अरुंद दात्यांवर निभावून नेते, पण अरुंद चेन रुंद दात्यांवर बसत नाही. बचत ११० रुपये, आणि मग योग्य चेन.

राहिला तो एकमेव गिअर. पुढे चव्वेचाळीस दाते होते. मागच्या फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीला, मामांनी अठरा सुचवले होते, पण सोळाचे चाळीस रुपयांनी स्वस्त पडत होते. चव्वेचाळीस भागिले सोळा म्हणजे पावणेतीन, आणि चाकाचा परीघ एकवीसशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेसहा मीटर जाणार. अठरा दात्यांवर ती पाच मीटरांच्या जेमतेम पुढे गेली असती. कमी पैशांत जास्त अंतर मिळत असताना ते नाकारण्याचे कारण मला दिसेना. कारण कोथरूड डेपोच्या पुढे, चांदणी चौकाच्या चढावर दिसले. तिथे मी पायडलवर उभा राहिलो, सायकलही उभी राहिली, आणि शाळेच्या दप्तरासकट एक मुलगी गिअरच्या सायकलीवरून माझ्याकडे सहानुभूतीने पाहत पुढे गेली. खाली येऊन मी मामांना फ्रीव्हील बदलायला सांगितले, तर ते निघेना. फ्रीव्हील पायडलच्या जोरानेच आवळत जाते, आणि चढावर मी शर्थ केली होती. शेवटी चाक काढून शेगड्यामध्ये, म्हणजे व्हाइसच्या पकडीत, धरावे लागले.

असो. सायकल तयार झाली आणि ती फार सुरेख चालते. बायकोने खर्च विचारला तेव्हा मी वही पुढे केली. तिने बेरीज केली आणि म्हणाली, “दोन हजार एकशे तीस वाचलेत. कुठे आहेत?” मग तिने माझ्या फोनमधली देयके पाहिली. ती बेरीज मी इथे देत नाही. पाच हजारांच्या दुपटीपलीकडे ती होती, एवढे पुरे.

त्याच रविवारी मी गॅलरी आवरायला घेतली. वडिलांचे जुने हब, गंजलेल्या रिमा, सळ्यांचे ब्रेक, जुने चव्वेचाळीस दात्यांचे चक्कर आणि सोळाचे फ्रीव्हील असा ढीग निघाला. सहज म्हणून मी ते पहिले चुकलेले टायर जुन्या रिमांवर चढवून पाहिले, आणि ते असे बसले की हलेनात. मी ओळीने सगळे भाग फरशीवर मांडले. एक संपूर्ण सायकल होती. फक्त फ्रेम नव्हती.

खाली भंगारवाल्याची हाक आली. त्याच्या हातगाडीवर पत्र्यांच्या खाली एक काळी, अठ्ठावीस इंची फ्रेम होती. तो साडेआठशे म्हणाला, मी सातशेवर आणला. बचत १५० रुपये.