अंड्याचे ट्रे आधी भिंतीवरून उतरवा

घरी गिटार रेकॉर्ड करायची तर आधी खोली साउंडप्रूफ करा, भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवा, कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा) माइकच घ्या, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ९६ किलोहर्ट्झवर ठेवा, लेव्हल लाल रेषेला टेकेपर्यंत वाढवा, उरलेलं मिक्सिंगमध्ये निस्तरता येतं, असा एक सल्ला ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. यातला एकही मुद्दा धड नाही.

ट्रेपासूनच सुरुवात करू. आवाज अडवायला वजन लागतं: विटांची भिंत, भरीव दार, फटी बुजवलेली खिडकी. ट्रे म्हणजे कागदाचा लगदा. शेजारचा मिक्सर आणि गल्लीतली रिक्षा त्यातून आरामात आत येतात. वर तो झटकन पेटतो, ते वेगळंच. फार तर आवाजातली वरची धार तो थोडी शोषतो, खालचा घुमारा आहे तसाच राहतो, आणि रेकॉर्डिंग गढूळ वाटतं.

मुळात ही दोन वेगळी कामं आहेत. बाहेरचा आवाज अडवणं भाड्याच्या खोलीत जमत नाही, तिथे वेळच साधावी लागते. कोल्हापुरात राजारामपुरीत मुख्य रस्त्यावर घर असेल तर रात्री साडेदहानंतर बसा. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिज परत चालू करायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा.) वर पत्रा असेल तर जुलैत उघडीप मिळेपर्यंत अकूस्टिकचं नाव काढू नका, तोवर इलेक्ट्रिक थेट इंटरफेसमध्ये (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीत) घ्या.

दुसरं काम खोलीतला घुमारा कमी करायचं. ते घरातल्या सामानावर भागतं: गादी, रजई, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. सगळ्यात कामाची जाड लोकरीची घोंगडी. ती भिंतीला चिकटवू नका, ५ ते १० सेंटिमीटर पुढे टांगा. भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ नसते, त्यामुळे तिथे लोकरीला शोषायला फारसं काही मिळत नाही. आणि घोंगडी वाजवणाऱ्याच्या पाठीमागे हवी. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे त्याला तुमच्या मागची भिंत ऐकू येते. खोलीच्या कोपऱ्यात किंवा बरोब्बर मध्यावर बसू नका.

कंडेन्सरच हवा? मोकळ्या भिंतींच्या खोलीत तो तुमच्या गिटारइतक्याच निष्ठेने कुकरची शिट्टीही टिपतो. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत कॅप्सूलवर ओल धरली की चरचरतो, म्हणून वापर झाला की सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात ठेवावा लागतो. स्ट्रमिंगसाठी साधा डायनॅमिक (कमी संवेदनशील) माइक जवळ लावला तरी चालतो. बोटांनी हळू वाजवत असाल तर मात्र त्याला गेन इतका द्यावा लागतो की प्रीअँपची (माइकचा आवाज वाढवणाऱ्या सर्किटची) सळसळ ऐकू येते. तिथे कंडेन्सर खरंच उजवा. सुरुवात मोबाइलवर केली तरी हरकत नाही, फक्त आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग बंद करता येईल असं अॅप घ्या.

माइक कोणता यापेक्षा तो कुठे ठेवला यावर जास्त अवलंबून आहे. बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर, तोंड किंचित बॉडीकडे वळवलेलं. साउंडहोलसमोर ठेवलात तर खालच्या नोटा ढबढबतात, कारण गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते.

९६ किलोहर्ट्झने फाइल दुप्पट होते, बस्स. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचा आवाज टिपला जातो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा, आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. २४ बिट (एकेक नमुना किती बारकाईने मोजायचा ते) मात्र ठेवा, कारण लाल रेषेच्या मुद्द्याचं उत्तर तिथेच आहे. २४ बिटला तळाची सळसळ इतकी खाली असते की लेव्हल रेटायची गरजच उरत नाही. मीटरवरच्या शून्याच्या वर गेलेली लाट कापली जाते आणि परत जुळत नाही. सर्वांत जोरात वाजवून बघा, शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. खऱ्या टेकला (प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला) हात चाचणीपेक्षा जोरातच पडतो.

राहिलं मिक्सिंगमध्ये निस्तरण्याचं. इलेक्ट्रिक गिटार इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावली तर पिकअपवर (तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या भागावर) भार येऊन वरची धार मरते, ती इक्वलायझरने नीट परत येत नाही. इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ बटण दाबा. घुर्रघुर्र येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर घोळ चार्जरचा किंवा अर्थिंगचा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. पण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडायचा उद्योग करू नका, शॉक बसेल. एकाच वेटोळ्याचा सिंगल कॉइल पिकअप पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किरकिराटही ओढतो. पंखा बटणावरूनच बंद करा, नाहीतर खुर्ची काटकोनात फिरवून बघा.

ब्लूटूथ हेडफोन नको, आवाज उशिरा पोचतो आणि ताल सुटतो. वायरचा बंद कपाचा घ्या, म्हणजे क्लिक (तालाची टिकटिक) माइकमध्ये गळत नाही.

आणि तारा. नव्या तारा आदल्या दिवशी घालून ताणून ठेवा, दर टेकआधी ट्यूनर लावा. कॉर्डमधली एकच तार उतरलेली असेल तर नेहमीचं पिच सुधारणारं प्लगइन तेवढी एक तार वेगळी काढून देत नाही. तो टेक पुन्हाच वाजवावा लागतो.