‘नोकरी लावली तर दोन दिवसांत पळतात’

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘फुटपाथवाल्यांना काम नकोच असतं. नोकरी लावून दिली तर दोन दिवसांत पळतात. आधी सुधारा, मग काम द्या. नाहीतर सरळ आत टाका.’

‘काम नको’ म्हणणाऱ्यांनी सकाळी मुंबईतल्या एखाद्या मजूर नाक्यावर उभं राहावं. गोणी उचलणारे, भंगार वेचणारे, केटरिंगची भांडी घासणारे, यांतले कितीतरी जण रात्री पुलाखालीच झोपतात. रोजंदारीत खोलीचं डिपॉझिट निघत नाही.

पळण्याच्या आरोपात मात्र तथ्य आहे, म्हणून तो नीट बघू. वॉचमनची नोकरी धरा. पत्त्याचा पुरावा हवा, पोलीस व्हेरिफिकेशन हवं, फोन हवा. आणि फोन तर झोपेत उशाखालून जातो. पगार महिना भरल्यावर, तोवर खायचं काय? बारा तासांच्या ड्युटीत पिशवी कुठे ठेवायची? कागदपत्रं तिच्यात, टीबीच्या गोळ्याही तिच्यातच. त्यात दारूचं व्यसन असलं, तर व्यसनमुक्ती केंद्रवाले म्हणतात नातेवाईक घेऊन या. नातेवाईक असते तर तो फुटपाथवर कशाला आला असता? याला पळणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

‘आधी सुधारा’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण अनुभव उलटा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘आयपीएस’ नावाची पद्धत उभी राहिली. तीव्र मानसिक आजार असलेल्यांना प्रशिक्षणात न अडकवता थेट पगारी नोकरी शोधून द्यायची, उपचार सोबत चालू ठेवायचे आणि नोकरी लागल्यावरही मालकाशी बोलणारा, अडलं-नडलं बघणारा माणूस पाठीशी ठेवायचा. अनेक देशांतल्या चाचण्यांत ‘आधी तयारी’वाल्या पद्धतींपेक्षा यातून जास्त लोक नोकरीला लागले.

राहिलं ‘आत टाका’. ते १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यापासून चालूच आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भीक मागूनच जगत असावा असं वाटलं, तरी धरता येतं. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं. असलेली रोजंदारीही जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची बरीच कलमं तिथे रद्द केली. आपल्याकडे कायदा अजून आहे.

सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर लाख वस्तीमागे एक चोवीस तासांचा निवारा सांगितला होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईला शंभराहून जास्त लागतात, आणि शहर त्याच्या जवळपासही नाही. आधी ते उभारा, नळ आणि लॉकरसकट. मग कोण पळतं ते मोजू.