चोक निगेटिव्हमध्ये? खुशाल लावा

चोक म्हणजे वीजपुरवठ्यातले करंटचे चढउतार अडवणारी, लोखंडी कोअरवर गुंडाळलेली कॉइल. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हाताने बांधणाऱ्यांत तिच्याबद्दल एक सल्ला फार फिरतो : "चोक कायम पॉझिटिव्ह लाइनमध्येच घाला. निगेटिव्हमध्ये घातला तर फिल्टर होत नाही, ग्राउंड तरंगतं, हम वाढते. आणि जमलं तर चोक थेट रेक्टिफायरलाच लावा, कपॅसिटर नंतर." (रेक्टिफायर म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, हम म्हणजे स्पीकरमधली गुणगुण.) एका दमात चार विधानं. त्यातलं एक थोडंसं खरं आहे, त्याच्या आडून बाकीची खपतात.

"निगेटिव्हमधला चोक फिल्टर करत नाही." रेक्टिफायरमधून निघालेला करंट लोडमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या सर्किटमधून, फिरून पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी वाइंडिंगलाच परत येतो. वाट एकच. त्याला जाताना अडवा नाहीतर येताना, अडवणूक तेवढीच. ५० हर्ट्झच्या विजेवर फुल-वेव्ह रेक्टिफायरचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, १०० हर्ट्झचा असतो. त्याला १० हेन्रीचा चोक सुमारे ६.३ किलोओहम दाखवतो, पुढचा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जेमतेम ३४ ओहम. म्हणजे रिपल साधारण १८५ पटींनी घटतो. या हिशेबात चोक कुठल्या तारेत आहे हा प्रश्नच येत नाही. जुन्या रेडिओंत स्पीकरची फील्ड कॉइल (स्पीकरचं चुंबक बनवणारी) चोकचं काम करायची आणि कित्येक सेटांत ती निगेटिव्हमध्येच असायची. तिच्यावर पडणाऱ्या व्होल्टेजमधून आउटपुट व्हॉल्व्हचा बायसही (ग्रिडला लागणारं निगेटिव्ह व्होल्टेज) काढून घेत. काटकसर म्हणा की हुशारी.

"ग्राउंड तरंगतं." तरंगत काही नाही, चॅसिस (ॲम्प्लिफायरची धातूची बैठक, तीच ग्राउंड) चुकीच्या टोकाला जोडली जाते. चोक निगेटिव्हमध्ये असेल तर चॅसिस त्याच्या लोडकडच्या टोकाला जोडायची. सेंटर टॅप (सेकंडरीच्या मधोमध काढलेली तार) आणि पहिल्या कपॅसिटरचं निगेटिव्ह चॅसिसपासून सुटं ठेवायचं. चोकचा रेझिस्टन्स २०० ओहम आणि करंट १०० मिलीॲम्पिअर असेल, तर ही दोन्ही टोकं चॅसिसच्या २० व्होल्ट खाली बसतात. खरा सापळा इथे आहे. जुन्या पद्धतीच्या ॲल्युमिनियमच्या कॅन कपॅसिटरचं अंग बहुधा त्याच्या निगेटिव्हलाच जोडलेलं असतं. तो क्लॅम्पने चॅसिसवर आवळला की चोक शॉर्ट! मी हेच करून ठेवलं होतं आणि दोन दिवस चोकला शिव्या घालत होतो. शेवटी चोकच्या दोन टोकांवर मीटर लावला, तर शून्य. एकाच कॅनमध्ये दोन-तीन कपॅसिटर आणि निगेटिव्ह सामाईक, असा नग चोकच्या दोन्ही बाजूंना वापरला तरी तीच गत. "निगेटिव्हमध्ये लावून पाहिला, उपयोग शून्य" म्हणणाऱ्यांपैकी काहींचा चोक असाच झोपला असावा, अशी माझी शंका आहे.

"हम वाढते." थोडंसं खरं ते हेच. सेकंडरी आणि ट्रान्सफॉर्मरचा कोअर यांच्यात थोडी कपॅसिटन्स असतेच. सेंटर टॅप चॅसिसला असला की ती निरुपद्रवी. चोक निगेटिव्हमध्ये गेला की अख्खी सेकंडरी रिपलबरोबर वरखाली होते आणि ही कपॅसिटन्स चोकला पॅरलल येते. ती २ नॅनोफॅरड धरली, तर १०० हर्ट्झला ८०० किलोओहम, चोकपुढे नगण्य. साधारण ११०० हर्ट्झच्या वर मात्र करंट चोकला वळसा घालून जाऊ लागतो. गेला तरी पुढे ४७ मायक्रोफॅरड उभा आहे. २ नॅनोफॅरडच्या फटीतून आलेलं त्याच्यावर वीस हजार पटींहून जास्त घटतं. उरतो तो चॅसिसमधून फिरणारा अगदी बारीक करंट. फोनो प्रीॲम्पसारख्या (रेकॉर्ड प्लेयरचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या) नाजूक सर्किटमध्ये, त्यातून चॅसिसचाच सिग्नल रिटर्न केलेला असेल तर, मीही चोक पॉझिटिव्हमध्येच घालेन. उलट जुना, इन्सुलेशनचा भरवसा नसलेला चोक असेल तर निगेटिव्हमध्ये. तिथे वाइंडिंग आणि कोअर यांच्यात काहीशे व्होल्टचा ताण कायम राहत नाही.

"चोक थेट रेक्टिफायरला." हा लाइनचा नव्हे, क्रमाचा मुद्दा, आणि फुकटचा फायदा तर मुळीच नाही. ३५०-०-३५० च्या (सेंटर टॅपपासून दोन्हीकडे ३५० व्होल्ट) सेकंडरीवर पहिला कपॅसिटर असेल तर बिनलोडचे ४९५ व्होल्टपर्यंत मिळतात, पहिला चोक असेल तर लोडवर सुमारे ३१५. शिवाय चोकला किमान करंट लागतो. ५० हर्ट्झला लोडचे ओहम भागिले ९४० इतके हेन्री तरी हवेत. ३१५ व्होल्टला २० मिलीॲम्पिअर म्हणजे जवळपास १७ हेन्री. तेवढे नसतील तर व्होल्टेज वर चढतं. सिलिकॉन डायोडचा रेक्टिफायर असेल तर व्हॉल्व्ह तापेपर्यंत ते ४९५ च्या आसपासच असतं, कपॅसिटर त्या हिशेबानेच घ्यावे लागतात. आणि अशा चोकवर एसी भरपूर पडत असल्याने तो स्वतः घूंऽ करतो, आजूबाजूला चुंबकीय क्षेत्रही पसरवतो.

म्हणून लाइनीवरून वाद घालण्यापेक्षा चोक चॅसिसवर कुठे आणि कसा बसतो ते पाहावं. भोकं पाडण्याआधी त्याला कमी व्होल्टेजचा एसी द्या, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावा आणि चोक हळूहळू फिरवत राहा. एका कोनात गुणगुण जवळजवळ विरते. तिथे पेन्सिलने खूण करा.