गच्चीची किल्ली

नवरात्र संपल्यावरच्या शनिवार-रविवारी आमच्या भागातल्या बारा-तेरा घरांनी आपापल्या भाजीच्या बागा सगळ्यांना बघायला खुल्या ठेवल्या होत्या. व्हॉट्सॲपवर पत्ते आणि वेळा आल्या, बस. ना तिकीट, ना उद्घाटन. वर जायचं, बघायचं, विचारायचं ते विचारायचं. दोन दिवसांत सात बागा पाहून झाल्या आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. आपल्या पुण्यातल्या इतक्या इमारतींच्या गच्च्यांना कायम कुलूप का असतं?

पहिलीच बाग चौथ्या मजल्याच्या गच्चीवर होती. निवृत्त काका-काकू. निळे ड्रम मधोमध कापून विटांवर ठेवलेले, वर दोरीच्या मांडवावर दुधी आणि दोडका, खाली लाल माठ, अळू, ओली हळद. ड्रममध्ये माती अगदी थोडी. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवरून आणलेलं उसाचं चिपाड, मग पालापाचोळा, घरातला ओला कचरा आणि मूठभर शेणखत. काका म्हणाले, "घाला हात." घातला तर कोपरापर्यंत सहज गेला. वास म्हणाल तर ओल्या पाचोळ्याचा, कुजकट अजिबात नाही.

चवळीच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला होता. त्यातच एक करड्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी दिसली. सवयीने मी ती चिमटीत धरायला गेले, तर काकांनी माझा हातच धरला. "अहो ताई, थांबा! ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबगची अळी आहे. मावा हीच खाते." आम्ही दोघं वाकून बघत बसलो. ती शांतपणे पुढे सरकली, एक मावा तोंडात धरला, संपवला, दुसऱ्याकडे वळली. गेली चार वर्षं मी माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावरून ह्याच अळ्या वेचून मारत आले आणि वर मावा का हटत नाही म्हणून फवारण्या करत राहिले. खूप वाईट वाटलं. बागेचे व्हिडिओ मी किती पाहिले असतील, पण मारायला गेलेला हात कुठल्या व्हिडिओने धरला असता?

आता कचऱ्याचं. त्या घरातून ओला कचरा बाहेर जातच नाही, आणि उलट खालच्या रस्त्यावरचा पाचोळा पोती भरून वर येतो. आपण मात्र तोच पाचोळा थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर जाळतो आणि खोकत बसतो. पुण्यातच अदिती देवधर यांचा 'ब्राऊन लीफ' उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून देणारा. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 पासून स्वयंपाकघरातला कचरा तिथेच जिरवून भाज्या आणि फळझाडं उभी केली. म्हणजे हे होतं, झालेलं आहे. आपल्या घरातल्या सालींचं ओझं कचरा डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलंय, त्यांच्या विहिरींचं पाणी त्यात गेलं. हे माहीत असताना डोक्यावर एवढी गच्ची रिकामी तापत ठेवणं मला पटत नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते यादीतल्या शेवटच्या पत्त्याने. वस्तीतलं घर, गच्ची नाहीच. दारासमोरच्या तीन फुटांत रंगाचे डबे, फुटकी बादली, थर्माकोलचा खोका. त्यात शेपू, गवती चहा, मिरची आणि पुरुषभर उंच अंबाडी. मावशी मूळच्या लातूरकडच्या, चार घरची कामं करतात. अंबाडीचं बी त्यांनी गावाहून आणलं होतं, दरवर्षी दोन झाडं बियांसाठी राखतात. त्यांनी जुन्या साडीच्या चिंधीत मला बी बांधून दिलं. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला पुरायला नको का? तर म्हणाल्या, "घेऊन जावा की ताई. इथलं मेलं तर तुमच्याकडनं मागून आणता येतंय." दोन-तीन वर्षांपूर्वी गटाराच्या कामात त्यांचे सगळे डबे उचलले गेले होते. तेव्हा शेजारणीला दिलेल्या बियांमुळेच ही अंबाडी टिकली. ज्वारीच्या कण्या घालून भाजी कशी करायची तेही सांगितलं. रविवारी दुपारी घरी आम्ही तीच जेवलो.

आमच्या सोसायटीत मी मागच्या वार्षिक सभेत गच्चीचा विषय काढला होता. "स्लॅब गळेल" आणि "डास होतील", दोन मिनिटांत विषय संपला. गळतीची भीती खोटी नाही. माझ्या वरच्या मजल्यावरचे लोक दोन पावसाळे बादल्या लावून झोपलेत. पण त्या सात बागांपैकी ज्या तीन गच्चीवर होत्या, तिथे मी हेच मुद्दाम विचारून आले. उत्तर तिन्हीकडे जवळपास सारखंच. आधी वॉटरप्रूफिंग तपासून घ्या. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली विटा द्या म्हणजे पाणी वाहून जातं आणि झाडता येतं. मातीऐवजी चिपाड-पाचोळा भरा म्हणजे वजन येत नाही. वड-पिंपळाचं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटा. डास साठलेल्या पाण्यात होतात, ते कुंडीखालच्या बशीतलंसुद्धा चालत नाही. शिवाय गांडूळखत करणाऱ्यांना महापालिका मिळकतकरात सवलत देते, हे आमच्या सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

काल मी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. पूर्ण गच्ची मागितलेली नाही. टाकीच्या बाजूचा एक कोपरा, सहा ड्रम, एक वर्ष, आणि गळती झाली तर खर्च माझा. पुढच्या रविवारी कमिटीची बैठक आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गच्चीवर निदान तीन-चार पावसाळे बाग असेल, तर खाली लिहा. गळलं असेल तर तेही लिहा, कशामुळे गळलं ते सांगा. ही सगळी उत्तरं छापून मी बैठकीत घेऊन जाणार आहे. आणि अंबाडीचं बी ज्यांना हवं असेल त्यांनी सांगा, चिंधीत अजून बरंच आहे.